आठाचा तीन

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि तू ओरडून बोललीस की मलाही काही कळत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. पोस्टात उभा जन्म नोकरी केलेल्या माणसाने पत्र टाकायचं नाही, तर कुणी टाकायचं?

तुझ्या लेकीचं दुकानाचं कार्ड मिळालं. जाड कागद, सुबक छपाई आणि वर चित्र कशाचं, तर कडी लावलेल्या नाण्याचं. खाली लिहिलंय, जुन्या नाण्यांचे दागिने करून मिळतील. मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं घालून ठेवलं. खाटकाने नवं दुकान उघडल्याचं आमंत्रण शाकाहारी माणसाला पाठवावं, तसं झालं हे.

तू म्हणशील, मामा झाला म्हणून काहीही बोलावं का. तर ऐक. नाण्याला भोक पडलं की आम्हा संग्राहकांच्या लेखी ते मेलं. कडी जोडली तरी मेलं, घासून चकचकीत केलं तरी मेलं. हल्ली म्हणे नाणं मधून पोकळ करतात, ठोकून ठोकून त्याची अंगठी करतात. राजाचं डोकं करवतीने कापून काढतात आणि बायकांच्या कानात लोंबतं सोडतात. राजाबद्दल मला काडीचं प्रेम नाही. पण एक नाणं कापलं की त्या सालचं एक नाणं जगातून कमी झालं, ते पुन्हा कुणाला पाडता येत नाही. ठिणगीला सांग, मामा रागावला नाही. रागावलोय, पण तू सांग रागावला नाही म्हणून.

सुरुवात तूच केलीस म्हणा. बाबांनी पिशवीतून दोन नाणी काढून आपल्या हातावर एकेक ठेवलं, जुळी आहेत म्हणाले, जपा म्हणाले. मी माझं कागदात गुंडाळलं. तू दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरच्या त्या धसमुसळ्या कारागिराकडून कडी जोडून घेतलीस आणि गळ्यात घालून घरभर मिरवलीस. त्या बहाद्दराने मागच्या बाजूला कथिलाचा हा एवढा थर फासला होता. तेव्हापासून मी तुझ्या गळ्याकडे नीट पाहिलेलं नाही. खरं सांगतो, तुझ्या लग्नातसुद्धा नाही.

बातमी मात्र वेगळी आहे. चिरंजीवांचं नवं घर ठरलं. मला एक खोली आहे, तिला खिडकी आहे, सूनबाईंनी पडद्याचा रंगसुद्धा विचारला. पण माझं नाण्यांचं कपाट त्या दारातून आत जात नाही. मी पुन्हा पुन्हा मापं घेतली, दार काही मोठं झालं नाही. शेवटी संग्रहालयातल्या बाईंना बोलावलं. कमी बोलणाऱ्या आणि नाणं कडेने धरणाऱ्या आहेत, मला एकदम पसंत पडल्या. त्यांचं म्हणणं असं, की मी ज्या एकाच राजाची नाणी जमवली, त्याची सुटी नाणी त्यांच्याकडे रग्गड आहेत. पण पहिल्या सालापासून शेवटच्या सालापर्यंत एकही साल न गळता सगळी असली, तर ती ते एकत्र घेतील, स्वतंत्र खणात ठेवतील आणि कधीही फोडणार नाहीत. एखादं जरी साल नसलं, तर चार-दोन उचलतील आणि बाकीची लिलावात. लिलावातली नाणी पुढे कुठे जातात, ते तुझ्या लेकीला विचार.

माझ्याकडे सगळी आहेत. सगळ्यांत अवघड ते शेवटी तीन असलेलं साल. त्या वर्षी फार थोडी नाणी पाडली आणि त्यातलीही बरीचशी नंतर वितळवली. माझ्याकडचं म्हणजे बाबांनी दिलेलंच. दुसरं मला आजवर कुठे दिसलं नाही. ताई, माझ्या आयुष्याचा सगळा उद्योग त्या एका खणात एकत्र राहिला, की मला दुसरं काही नको.

ठिणगीस आशीर्वाद, तिच्या करवतीस नाहीत. तुझा लोभ आजवर आहे, तो हे पत्र वाचूनही राहावा.

तुझा,
खडकू


१२ जानेवारी

चि. खडकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ठिणगीला मोठ्याने वाचून दाखवलं. 'रागावलोय, पण तू सांग रागावला नाही म्हणून' हेसुद्धा वाचलं, कारण एकदा वाचायला लागले की मला मध्ये थांबता येत नाही. ती इतकी हसली की करवत खाली ठेवावी लागली. तुझ्या एका राजाचं डोकं त्यामुळे तासभर तरी वाचलं, असं समज.

तू एकदा येऊन तिची खोली बघ. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली आहे, खालून दिवसभर पंपाचा फुसफुस आवाज येतो. टेबलाला मधोमध अर्धगोल कापलाय, तिथे ती पोट टेकवून बसते. खाली कातडं बांधलंय, त्यात चांदीचा कीस पडतो. करवतीची पाती केसासारखी बारीक, कटकट मोडतात आणि प्रत्येक मोडलं की बाईसाहेब तुझ्याइतक्याच वाईट शब्दांत बोलतात. ते शब्द तिने कुणाकडून उचलले, हे मला माहीत आहे. पण नाणं हातात आलं की आधी ती ते बराच वेळ नुसती बघत बसते. बघण्याची रीतही तुझीच, एक डोळा मिटून.

आणि ती काही कुठलीही नाणी कापत नाही हो. वजनावर विकायला येतात ती, झिजून राजाची बाई झालेली. नाहीतर लोक आपल्याच घरातली घेऊन येतात. परवा एकजण आला, आजोबांच्या टेबलाच्या खणात सापडलेलं एक नाणं घेऊन. त्याला त्याचं काय करावं ते कळत नव्हतं, टाकवत नव्हतं. आता त्याच्या बायकोच्या गळ्यात आहे. तुझ्या कपाटात असतं, तर कुणी बघितलं असतं? मला एकदा दाखवलीस तेव्हा तोंडावर रुमाल धरायला लावलास, श्वास लागेल म्हणून. मी तुझी सख्खी बहीण आहे रे, आगगाडीचं इंजिन नाही.

माझं मेलेलं नाणं गळ्यात अगदी ठणठणीत आहे. दोन्ही पोरांना दात येताना त्यांनी ते चघळलं. मी विचार करायला लागले की माझी बोटं आपोआप तिथे जातात. मध्ये छातीचा फोटो काढायचा होता, तेव्हा तिथल्या मुलीने गळ्यातलं काढायला लावलं, तर मी ते मुठीत धरून उभी राहिले. उघड्या गळ्याने मला भलतंच कसंतरी होतं. मागची बाजू गुळगुळीत झाली आहे. कथिलाचा थर मात्र त्या मेल्या कारागिराने लावला तसाच घट्ट आहे.

कपाट एकट्याने हलवू नकोस. कंबर धरली तर तुझी नाणी येऊन तेल लावणार नाहीत. नव्या घरी पडदे निळे घे, तुला पिवळा शोभत नाही. सूनबाईस आशीर्वाद. माया आहेच, तू नाकारलीस तरी ती परत घेता येत नाही.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीनदा सुरू केलं आणि फाडलं. आता सरळच लिहितो.

बाईंना द्यायची म्हणून मी सगळी नाणी सालवार मांडत होतो. माझी नाणी कागदी पाकिटांत असतात, साध्या. फक्त तीनचं नाणं मी एका मऊ, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं होतं. तेव्हा ती पाकिटं नवी निघाली होती, महाग होती, आणि एकच घेतलं होतं. हेतू हा, की हात न लावता दोन्ही बाजू दिसाव्यात. मग तेही कमी वाटलं, म्हणून पाकीट डबीत, डबी खणात, आणि खण बंद. कुणी बघायला मागितलं तरी मी तो खण उघडत नसे. मीही उघडत नव्हतो. उघडलं की हवा लागते.

पाकिटात हिरवा चिकट लगदा होता. बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, ते प्लॅस्टिक वर्षानुवर्षं पाझरतं आणि आतलं नाणं खातं. हे त्यांनी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय, आणि नेहमी सगळ्यांत जपलेल्या नाण्याच्याच बाबतीत. त्यांनी अगदी हळू, औषधाने पुसून पाहिलं. खाली खड्डे आहेत. राजाला नाक नाही. तारखेच्या जागी आता काहीच वाचता येत नाही. हे तीनचंच नाणं आहे, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि माझा शब्द त्यांच्या खणात ठेवता येत नाही.

साध्या कागदातली सगळी नाणी जशीच्या तशी आहेत. मी हे लिहितोय ते कुणी समजूत घालावी म्हणून नव्हे. कुठेतरी लिहून टाकायचं होतं.

आता पुढचं. बाबांनी ती जुळी म्हणून दिली होती. म्हणजे तुझंही तीनचंच असणार. तारीख मागे, खालच्या काठाला असते. नाणं गळ्यात घालताना राजा सरळ धरला की मागची बाजू उलटी होते, म्हणजे तारीख बरोबर कडीच्या मागे, वर येते. त्या कारागिराने कथिल फासलं ते थेट तारखेवर. म्हणजे बाकी सगळं झिजलं तरी तारीख त्याच्याखाली शाबूत असू शकेल. कडी काढल्याचा डाग राहील, पण बाईंना त्याचं काही नाही. त्यांना साल वाचता आलं की पुरे. त्या अठरा फेब्रुवारीला न्यायला येणार आहेत.

ताई, मला हे मागण्याचा काय अधिकार आहे, ते मला ठाऊक आहे. काही नाही. तरी कृपया विचार कर. नाही म्हणालीस तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, आणि लोभ कमी करणार नाही, तूही करू नकोस.

तुझा,
खडकू


२८ जानेवारी

चि. खडकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी भयंकर राग आला. म्हटलं, बघा, इतकी वर्षं मेलं मेलं म्हणून नाकं मुरडली आणि आता गरज पडल्यावर आले दारात. पत्र दिव्याखाली ठेवलं आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही. ठिणगीने विचारलं, मामाचं काय पत्र, तर तिच्यावरही खेकसले. ती बिचारी खाली जाऊन सायकलवाल्याशी गप्पा मारत बसली.

मग ते पत्र पुन्हा वाचलं. तू 'कृपया' लिहिलं आहेस. लहानपणी हात मोडला तेव्हासुद्धा तू मला कृपया पाणी दे असं म्हणाला नव्हतास. 

देते. आजच गळ्यातून काढून ठिणगीच्या टेबलावर ठेवलं. साखळी रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तीही काढली. सकाळपासून बोटं गळ्याशी जातात आणि तिथे काही नसतं, मग मी उगाच पदर सारखा करते. शेजारीण म्हणाली, तुम्ही आज बारीक दिसता. नाण्याने माणूस जाडा दिसतो का रे?

मला वाईट वाटतंय, ते खोटं कशाला सांगू? पण माझं नाणं गेलं तर मला बोटं चाळवायला दुसरं काही मिळेल. तुझा खण फुटला तर तू त्या निळ्या पडद्यांच्या खोलीत बसून काय करशील, हे मला इथून दिसतं. ठिणगी कथिल काढून तुला कळवेल. एकच मागणं आहे, त्याला मेलेलं म्हणू नकोस, निदान मला ऐकू येईल असं. तसं मला ऐकू कमीच येतं.

जेवत जा. माया तशीच आहे, राग थोडा शिल्लक आहे, तो भेटल्यावर काढीन.

तुझी,
ताई


६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आधी कामाचं. ज्योत लावली नाही, घाबरू नकोस. कडी करवतीने कापली आणि कथिल खाणारं पण चांदीला न शिवणारं एक पाणी असतं, त्यात नाणं ठेवलं. रोज थोडं थोडं निघत गेलं. समोर आई खुर्ची टाकून बसली होती, दवाखान्याबाहेर बसतात तशी. चष्मा पुसायची आणि विचारायची, आलं का, आलं का.

काल आलं. मामा, तारीख इतकी स्वच्छ आहे की मला हसू आलं. बाकीच्या मागच्या बाजूवर बोट फिरवलं तर नाणं आहे की गोटा, कळत नाही, आणि तेवढाच एक काठ परवा पाडल्यासारखा करकरीत. तू म्हणालास तसंच झालं.

पण शेवटी तीन नाही. आठ आहे. मी भिंग बदलून पाहिलं, उजेड बदलून पाहिलं, खालच्या सायकलवाल्याला वर बोलावून त्याला काही न सांगता वाचायला लावलं. आठच. तुझ्या कपाटात आठचं साल असेलच, सगळ्यांकडे असतं. आजोबांनी जुळी म्हटलं ते राजा एकच म्हणून म्हटलं असणार. तारखा त्यांनीही पाहिल्या नसतील. मला हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

आईला सांगितलं. मग तिने विचारलं, इंग्रजी आठच आहे ना? हो म्हटलं. तर म्हणाली, मग आठाची डावी बाजू घासली की तीनच उरतो, त्यात काय एवढं? मी तिला म्हटलं, आई, याला आमच्यात काय म्हणतात माहीत आहे का? ती म्हणाली, तुमच्यात काय म्हणतात ते राहू दे, तू नखाएवढ्या जागेत वेलबुट्टी कोरतेस, तुला एक आकडा जमणार नाही होय? जमेल की नाही, हा प्रश्नच नाही, मामा. जमेल. तेच वाईट आहे. चांदी घालायची नाही, नुसती काढायची. चांगली कोरणी आणि स्थिर हात, बस्स.

तू सांगशील तसं. तोवर नाणं साध्या कागदात ठेवलंय. प्लॅस्टिकमध्ये नाही. तुझी माया माझ्या करवतीवर नसली तरी माझ्यावर असू दे.

तुझी,
ठिणगी


१० फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. आ.

नाही.

एवढं पुरे होतं, पण तू कष्टाने काम केलंस, म्हणून कारण देतो. कडी लावलेलं नाणं निदान कडी लावलेलं दिसतं. तू कापतेस ती नाणीही, मला न आवडोत, पण कापलेली दिसतात, कुणाची फसगत करत नाहीत. आकडा बदललेलं नाणं मात्र खरं दिसतं. ते खणात बसलं, की पुढे शंभर वर्षं कुणीतरी त्यावरून मोजमाप करणार, त्या साली इतकी उरली म्हणून. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे नाणी पारखायला आणतात. अशी आकडा बदललेली मी कितीतरी लोकांच्या हातावर परत ठेवली आहेत आणि त्यांची तोंडं पाहिली आहेत.

आता लिहितो ते तुझ्या आईला दाखवू नकोस. तुझं पत्र वाचल्यावर मी उठून खणातली तीनची मोकळी जागा पाहून आलो. मग पुन्हा गेलो. मोह झाला, ठिणगी. इतका झाला की मला माझीच लाज वाटली. म्हणून लगेच लिहून पोस्टात टाकतो आहे, म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाही.

नाण्याला परत कडी लाव आणि आईला दे. आठाचं साल अगदी चांगलं साल आहे. बाईंना मी सांगेन. तुझ्या हाताची स्तुती करावीशी वाटते, ती या विषयात करता येत नाही. आईला जप आणि मला विसरू नकोस.

तुझा,
मामा


१० फेब्रुवारी

चि. खडकूस,
अ. उ. आ.

सोबतच्या डबीत नाणं आहे. तीनचं.

ठिणगी तुझ्या उत्तरासाठी थांबणार होती. मी म्हटलं, मामा नाहीच म्हणणार, म्हणून तर उत्तर यायच्या आत उरकून टाक. नको नको करत होती. शेवटी मी आईपणा काढला, तो फार क्वचित काढते. तिने केलं, पण नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही, जेवलीही कमी. तिच्यावर ओरडू नकोस. ओरडायचं तर माझ्यावर, मला नाहीतरी ऐकू येत नाही.

तुला काय वाटेल, ते मी जाणून आहे. पण असं बघ, नाणं माझं. माझ्या गळ्यातलं. मी त्याला कडी लावली तेव्हा तुला विचारलं नाही आणि आताही विचारलं नाही. बाबांनी दोघांना सारखी म्हणून दिली होती, ती आता सारखी झाली. त्या बाईंना काय कळणार? तुझ्यासारखं कळणारं दुसरं आहे कोण? तू गप्प बसलास की झालं. आयुष्यभर बहिणीशी भांडलास, एकदा तिच्यासाठी गप्प बसायला काय जातं?

तुझा खण एकत्र राहू दे. मला एवढंच हवं आहे. माझ्या गळ्याला मोकळं राहायची सवय होईल. माया होती तेवढीच आहे, मोजत बसू नकोस.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी डबी पोचली. ठिणगीला माझं पत्र डबी निघून गेल्यावर मिळालं असणार. पोस्टाला दोष देणार नाही, मी तिथलाच.

नाणं मी भिंगाखाली धरलं. ठिणगीला सांग, असं काम मी पाहिलेलं नाही. मला माहीत होतं म्हणून सापडलं, नाहीतर मीही फसलो असतो. तीनच्या पोटाशी पृष्ठभाग किंचित खाली गेलाय, एवढंच. मग मी मागची बाकीची बाजू पाहिली. ताई, इतकी वर्षं नाणी पाहतोय, पण मी एकही नाणं असं झिजलेलं पाहिलं नव्हतं. बाजारात हातोहात फिरलेलं नाणं उंच भागावर आधी झिजतं, काठाला खाचा पडतात. हे सगळीकडून सारखं, मऊ झिजलंय. राजाची बाजू बरीच बरी आहे, आतली बाजू तुझी आहे. मी ते बोटाने चाचपलं. नाण्याच्या तोंडावर मी बोट ठेवलं, हे बाहेर कुणाला सांगू नकोस.

मग ते खणातल्या मोकळ्या जागेत ठेवलं. बरोबर बसलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी. अठरा तारखेपर्यंत ते तिथेच होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी फार सुखात होतो. सूनबाई म्हणाली, मामंजी, तुम्ही गुणगुणताय. मी तू म्हणालीस तसं गप्प बसायचं ठरवलं होतं. तुझ्यासाठी म्हणून. म्हणजे निमित्त तुझं, हाव माझी.

अठराला बाई आल्या. त्यांनी एकेक नाणं उचलून पाहिलं, कडेने धरून. तीनवर आल्या, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, कडी कापल्याच्या जागेवरून नखाची मागची बाजू फिरवली आणि म्हणाल्या, अभिनंदन. मग पुढचं उचलायला हात नेला. इतकंच करायचं होतं मला, तो हात पुढे जाऊ द्यायचा होता.

मी म्हणालो, ते खोटं आहे, आठाचा तीन केलाय. कोणी केला, का केला, ते मी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. त्यांनी ते नाणं उचलून माझ्या हातावर ठेवलं. नुसतं हातावर, मी लोकांच्या ठेवायचो तसं. मग चार नाणी निवडली, पावती केली आणि गेल्या. बाकीची लिलावात जातील, पुढच्या महिन्यात. ठिणगीने लिलावाला यायचं नाही, एवढी तरी दया दाखवावी.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. कपाट रिकामं झालं तर आता ते तिरकं करून दारातून आत नेता येईल का, असं चिरंजीवांनी विचारलं, तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो बिचारा मदतच करत होता. तू माझ्यासाठी गळ्यातलं काढलंस, त्याची कडी कापू दिलीस, तारीखही पुसू दिलीस, आणि मी ते सगळं एका वाक्यात वाया घालवलं. तुझी माफी मागायची म्हणून लिहायला बसलो, तर लक्षात आलं, की मला त्याचा पस्तावा नाही. गप्प बसलो असतो, तर उरलेलं आयुष्य त्या खणाला भीत काढलं असतं. मला पस्तावा तुझ्या नाण्याचा आहे. माझं मी खराब केलं, तुझंही माझ्या पायी खराब झालं.

आता ते नाणं राहिलेलं नाही. संग्रहात ठेवता येत नाही, कुणाला दाखवता येत नाही, विकता तर मुळीच येत नाही. ते दागिना झालंय. म्हणून मी ते ठिणगीकडे परत पाठवलंय, साध्या कागदात. तिला मी स्वतः लिहिलंय, की याला कडी लाव. जन्मात पहिल्यांदा नाण्याला कडी लाव असं मी कुणाला सांगितलं आहे, तेव्हा तिने ते पत्र जपून ठेवायला हरकत नाही.

फक्त या वेळी कडी तारखेवर नको, जरा बाजूला लावायला सांगितली आहे. तारीख मोकळी राहिली पाहिजे. राजा गळ्यात थोडा कललेला दिसेल, दिसू दे. तू ते घाल, काढू नकोस, फोटो काढायलासुद्धा नाही. बाकीची बाजू जशी झिजवलीस तसा तो तीनही घास. तो सपाट झाला, की त्या नाण्यात खोटं काही उरणार नाही. चांदी फार हळू झिजते, ताई. तेव्हा तुला बरीच वर्षं काढावी लागतील, आणि ती तू काढावीस, एवढाच माझा लोभ आहे.

तुझा,
खडकू